सूक्ष्म वाहिन्यांतील रक्तनाश

लालबागेत राहणाऱ्यास कुंडी भंडाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पाहुणे आले म्हणजे त्यांना तेथे नेऊन आणणे हा आपल्या आतिथ्याचाच एक भाग होऊन बसला आहे. इ. स. १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या अमदानीत, अब्दुर्रहीम खानखानाच्या आश्रयाने तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने ही योजना सिद्धीस नेली. सातपुड्याच्या पायथ्याकडून ताप्तीकडे झिरपत येणारे पाणी भूगर्भातच गाठावयाचे, अरुंद भुयारांत वळवावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणावयाचे, अशी तिची रचना आहे. शंभराहून अधिक कुंड्या या भुयारांनी एकमेकींस जोडलेल्या आहेत. आत उतरून ज्यांनी पाहिले असेल त्यांस हेही ठाऊक असेल की, भुयारांच्या भिंतींवर क्षारांचे पांढरे थर चढतात आणि त्यामुळे पाण्याची वाट आकसते. अशा वेळी पाणी कोठे गेले हे शोधण्यापूर्वी वाटेची तपासणी करावी लागते.

रक्ताच्या एका विकारासंबंधी नेमके हेच म्हणता येते. त्याची ओळख या लेखात करून द्यावयाची आहे. विकार विरळा आहे खरा; परंतु तो ज्या वाटांनी घरात शिरतो त्या वाटा आपल्या निमाड-खानदेशात मुळीच विरळ नाहीत.

‘रक्त कमी झाले’ हे वाक्य आपल्या घरोघर ऐकू येते. चेहरा फिकट दिसला, जिना चढताना धाप लागली, की औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या किंवा तांबड्या रंगाचे टॉनिक आणावयाचे आणि महिनाभर घ्यावयाचे, हा उपचार इतका रूढ झाला आहे की त्याला वैद्याची गरज आहे असे कोणास वाटत नाही. आपण व्यापारी माणसे. दुकानातील शिल्लक माल कमी भरला तर आपण काय करतो? माल आलाच कमी की काय, हे प्रथम पाहतो. मग गळती किंवा चोरी झाली काय, हे पाहतो. आणि या दोहोंचा मेळ बसला नाही तर वाहतुकीत मोडतोड झाली काय, याची चौकशी करतो. रक्ताचेही तसेच आहे. तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयारच कमी होतात, हा एक प्रकार. त्या शरीराबाहेर वाहून जातात, हा दुसरा. आणि तयार झालेल्या धडधाकट पेशी वाटेतच फुटतात, हा तिसरा. तिन्ही प्रकारांत चेहरा सारखाच फिकट दिसतो. औषध मात्र तिघांचे वेगळे.

पहिल्या प्रकाराच्या इतिहासात दुसऱ्या एका लालबागेचा शेजार आहे. मुंबईच्या परळ-लालबागेत आपल्यापैकी पुष्कळांचे आप्त राहतात. तेथील हाफकिन संस्थेत लूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी १९२८ मध्ये येऊन दाखल झाल्या. मुंबईतील गरीब गर्भवती स्त्रियांना, विशेषतः कापडगिरण्यांतील कामकरी स्त्रियांना, होणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. आज प्रत्येक गर्भवतीला ज्या गोळ्या मिळतात त्यांच्या मुळाशी परळच्या गिरणीकामगार स्त्रियांचे रक्त आहे, ही गोष्ट गिरण्यांच्या आणि मागांच्या आपल्या गावाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो विकार पेशी नीट तयार न होण्याचा होता. आपला प्रस्तुत विषय तिसऱ्या प्रकारात मोडतो.

तांबडी पेशी मध्यभागी चेपलेल्या पेढ्यासारखी असते. तिचा व्यास सात-आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठपट. ज्या केशवाहिन्यांतून तिला जावयाचे असते त्यांपैकी कित्येक तिच्याहूनही अरुंद असतात. तरीही ती अंग चोरून, घडी घालून पलीकडे जाते आणि पुन्हा मूळ आकार धारण करते. हा प्रवास ती सुमारे १२० दिवस करीत असते. नंतर ती जीर्ण होते, प्लीहेत मोडीत निघते, आणि तिच्यातील लोह पुन्हा नव्या पेशींच्या कामी येते. इतकी काटकसर आपल्या पेढ्यांवरही क्वचितच आढळेल!

या सूक्ष्म वाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा झाली म्हणजे काय होते? इजा झालेल्या जागी रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, चिकटतात आणि लहान लहान गुठळ्या बनतात. काही प्रसंगी फायब्रिन नावाच्या द्रव्याचे बारीक धागे वाहिनीच्या पोकळीत आडवे ताणले जातात. मागे रक्ताचा दाब असतोच. वेगाने आलेली पेशी त्या धाग्यावर आदळते, त्यावर लोंबते आणि चिरली जाते. पूर्वी किराणा दुकानात साबणाची लांब वडी ताणलेल्या तारेने कापीत असत, ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांस अधिक सांगावयास नको. चिरलेल्या पेशीच्या कडा पुन्हा जुळतात खऱ्या, पण आकार बिघडतो. कोणी त्रिकोणी होते, कोणी शिरस्त्राणासारखी, कोणी नुसता तुकडा उरते. अशा पेशी फार काळ टिकत नाहीत. एकीकडे रक्त घटत जाते. दुसरीकडे गुठळ्यांत खर्ची पडल्यामुळे रक्तबिंबिका घटतात. आणि तिसरीकडे वाटा तुंबल्यामुळे मूत्रपिंड, मेंदू, हृदय यांना रक्त पोहोचेनासे होते. प्राणावर बेतते ते बहुधा या शेवटच्या कारणाने.

हे ज्ञान एका दिवसात हाती आले नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. एली मॉश्कोविट्झ यांनी एका सोळा वर्षांच्या मुलीची हकीकत नोंदविली. ताप, फिकटपणा, अंगावर रक्ताचे ठिपके, पाठोपाठ पक्षाघात आणि बेशुद्धी, अशा क्रमाने थोड्याच दिवसांत ती दगावली. शवपरीक्षेत तिच्या निरनिराळ्या अवयवांतील सूक्ष्म वाहिन्या गुठळ्यांनी बुजलेल्या आढळल्या. पुढे १९६२ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ब्रेन, डेसी आणि हूरिहेन या त्रयीने निरनिराळ्या रोगांत दिसणाऱ्या या फाटक्या पेशी एका सूत्रात ओवल्या आणि त्या स्थितीला आज रूढ असलेले, ‘सूक्ष्मवाहिनीजन्य रक्तविघटनाचा पांडुरोग’ अशा अर्थाचे नाव दिले. १९६८ मध्ये त्याच मंडळींपैकी काहींनी प्रयोगशाळेत फायब्रिनच्या जाळ्यातून रक्त सोडून पेशी कशा चिरल्या जातात हे प्रत्यक्ष दाखविले. तोवर धाग्याची कल्पना हा तर्क होता.

मॉश्कोविट्झ यांनी वर्णिलेल्या मूळ रोगाचा उलगडा होण्यास मात्र आणखी बराच काळ जावा लागला. वाहिन्यांच्या अस्तरातून एका चिकट प्रथिनाच्या लांबच लांब लडी रक्तात सुटत असतात. त्या योग्य मापात कापण्यासाठी रक्तात एक विकर असते. कात्रीच म्हणा ना. १९९६ मध्ये बर्न आणि न्यूयॉर्क येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे ही कात्री शोधली आणि २००१ मध्ये तिची पूर्ण ओळख पटली. काही माणसांच्या शरीरात या कात्रीविरुद्धच प्रतिद्रव्ये निर्माण होतात. मग लडी कापल्या जात नाहीत, त्यांवर रक्तबिंबिकांचे पुंजके जमतात आणि सर्व अनर्थ सुरू होतो. रुग्णाचे रक्तद्रव काढून घेऊन त्याऐवजी निरोगी दात्यांचे रक्तद्रव भरावयाचे, हा त्यावरील मुख्य उपाय होय. उपचार नव्हते तेव्हा या रोगातून दहांपैकी एखादाच वाचे. १९९१ मध्ये कॅनडातील १०२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला, त्यात रक्तद्रव बदललेल्यांपैकी ७८ टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतर हयात होते. आपल्या संस्था पर्युषणात किंवा जयंतीच्या दिवशी रक्तदान शिबिरे भरवितात. तेथे दिलेल्या एका पिशवीतून तांबड्या पेशी वेगळ्या आणि रक्तद्रव वेगळे काढता येते. अशा एका रुग्णाला एका दिवसात कित्येक दात्यांचे रक्तद्रव लागते, आणि असे अनेक दिवस ओळीने लागते. शिबिरात टेबलाशी उभ्या असलेल्या तरुणांना ही गोष्ट कोणीतरी सांगावयास हवी.

येथे आपल्यासारख्या शाकाहारी कुटुंबांशी निकटचा संबंध असलेली एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. आपल्याला ते मिळते ते दूध, दही, ताक यांतूनच. ज्यांचे दूध सुटले आहे, ज्यांचे वय झाले आहे, जे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेत आहेत, त्यांच्या शरीरात याचा तुटवडा पडण्याचा संभव अधिक. हा तुटवडा पराकोटीस गेला म्हणजे अस्थिमज्जेतच पेशी मोडू लागतात. रक्ताच्या काचपट्टीवर फाटके तुकडे दिसतात, रक्तबिंबिका घटतात, विघटनाच्या चाचण्या वाढलेल्या येतात आणि सारे चित्र हुबेहूब वर वर्णिलेल्या भयंकर रोगासारखे भासते. फरक सूक्ष्म आहे. खऱ्या विघटनात मज्जा तूट भरून काढण्यासाठी नव्या, कोवळ्या पेशी भराभर बाजारात आणते. ब-१२ च्या तुटवड्यात मज्जाच लुळी पडलेली असल्यामुळे कोवळ्या पेशी कमी असतात. एका ठिकाणी लाखांचा खर्च आणि अतिदक्षता विभाग, दुसऱ्या ठिकाणी काही रुपयांची इंजेक्शने! म्हणून आपल्या घरातील वृद्धाला मोठ्या शहरात हलविले तर ‘आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, दूधही बेताचेच घेतो’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. तेथील डॉक्टर विचारतीलच असे नाही.

आता स्त्रियांकडे वळू. बुऱ्हाणपुरास बाळंतिणीच्या मृत्यूचे स्मरण वेगळे करून द्यावयास नको. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या अपत्याच्या जन्मानंतर मुमताज महल याच शहरात मरण पावली आणि आग्र्यास नेण्यापूर्वी तिचा देह ताप्तीपलीकडे झैनाबादेस ठेवण्यात आला होता. तिच्या मरणाला आजच्या रोगनामाची चिठ्ठी चिकटविण्याचा खटाटोप काही हौशी मंडळी करतात. तो आम्हांस मान्य नाही. सम्राटाच्या पदरी असलेले सारे हकीम एका बाळंतिणीला वाचवू शकले नाहीत, एवढेच त्यातून निश्चित कळते.

आज ज्या कारणांनी बाळंतिणी दगावतात त्यांत गर्भारपणातील वाढलेला रक्तदाब हे एक प्रमुख कारण आहे, आणि त्याच्याच एका उग्र रूपात सूक्ष्म वाहिन्यांतील रक्तनाश होतो. पेशी फाटतात, यकृतास इजा होते, रक्तबिंबिका घटतात. या त्रिकुटाला १९८२ मध्ये अमेरिकेतील डॉ. लुई वाइन्स्टाइन यांनी ‘हेल्प’ असे आद्याक्षरी नाव दिले. लक्षणे फसवी असतात. उजव्या कुशीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, मळमळ, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणतात, पित्त झाले असेल, लिंबू-सरबत द्या. शेवटच्या तीन महिन्यांत असे ‘पित्त’ झाले तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून, लघवी आणि रक्त तपासून घेतलेच पाहिजे. मूळ उपाय एकच, योग्य वेळी प्रसूती करविणे. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. कित्येक स्त्रियांत हा विकार प्रसूतीनंतर दोन दिवसांतही उद्भवतो, तेव्हा बाळ सुखरूप झाले म्हणून सर्वांनी पेढे वाटण्यात गुंतून जाऊ नये.

आपल्या रीतीप्रमाणे पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते. ओटीभरण होते, साड्या-चोळ्यांची बांधाबांध होते, आणि सहा महिने रक्तदाबाच्या नोंदी लिहिलेली फाईल सासरच्या कपाटात राहते. माहेरच्या गावी नव्या डॉक्टरला रक्तदाब १३० दिसला तर तो पूर्वी १०० होता हे त्यांस कोण सांगणार? व्यापारी घराण्यात खातेवही मागे ठेवून कोणी वसुलीस गेल्याचे ऐकिवात नाही.

लहान मुलांविषयी थोडक्यात लिहितो. रक्ताची हगवण लागलेल्या मुलाचा जुलाब थांबत आला असताना ते एकाएकी फिकट पडले, चेहऱ्यावर सूज आली आणि लघवी कमी झाली, तर तो या विकाराचा मूत्रपिंडावरील हल्ला समजावा. १९५५ मध्ये स्वित्झर्लंडचे डॉ. गासर यांनी याचे प्रथम वर्णन केले. आपल्या देशात पूर्वी शिगेला जंतूंच्या हगवणीनंतर तो पुष्कळ आढळे. आता हिंदुस्थानातील मुलांत त्याचे आणखी एक रूप दिसून आले आहे. त्यात जुलाबाचा संबंध नसतो. रक्तातील एका संरक्षक प्रथिनाविरुद्ध मुलाच्याच शरीरात प्रतिद्रव्ये तयार होतात. ते वेळीच ओळखून रक्तद्रव बदलले आणि प्रतिद्रव्ये दडपणारी औषधे दिली तर मूत्रपिंडे वाचू शकतात.

या विकाराची जी वाट आपल्या मुलखात सर्वांत रुंद आहे ती मात्र शेताच्या बांधावरून येते. बुऱ्हाणपूर, रावेर, यावल हा सारा पट्टा केळीचा. दाट सावली, ओल, पाचोळा आणि उंदीर, म्हणजे घोणसीला हवे ते सर्व तेथे आहे. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार आणि पाठीवर साखळीसारखे ठिपके असलेला हा साप आपणा सर्वांस माहीत आहे. अठराव्या शतकात विशाखापट्टणच्या बाजूस काम करणारे स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल यांनी या देशातील सापांवर १७९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचेच नाव इंग्रजीत या सापास चिकटले आहे. घोणसीच्या विषातील द्रव्ये रक्त गोठविणाऱ्या यंत्रणेस एकाच वेळी सर्वत्र चेतवितात. गोठविण्याचा सारा माल काही तासांत खर्ची पडतो आणि मग रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून, लघवीतून, जखमेतून ते वाहू लागते. हे सर्वज्ञात आहे. त्यापुढची गोष्ट इतकी सर्वज्ञात नाही. काही रुग्णांत, रक्त पुन्हा गोठू लागल्यानंतरही, सूक्ष्म वाहिन्यांतील इजा चालूच राहते. रक्तबिंबिका घसरत जातात, काचपट्टीवर फाटक्या पेशी दिसतात आणि मूत्रपिंड काम थांबविते.

या देशात सर्पदंशाने किती माणसे मरतात? २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या राज्यांत हे मृत्यू अधिक होतात त्यांत मध्य प्रदेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा दुर्लक्षित रोगांच्या यादीत समावेश केला. ‘दुर्लक्षित’ हा शब्द येथे अगदी यथार्थ आहे, कारण दंश होतो तो बहुधा केळीचे घड वाहणाऱ्या मजुराला, रात्रपाळीच्या विजेवर पाणी देणाऱ्या सालदाराला, क्वचित गोदामातील पोती हलविणाऱ्या हमालाला. महाडसारख्या तालुक्याच्या गावी राहून विंचू आणि साप यांच्या दंशावर अवघे आयुष्य वेचणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या विषयाला थोडी प्रतिष्ठा लाभली.

दंश झाल्यावर घट्ट दोरी आवळू नये, जखम चिरू नये, विष तोंडाने ओढू नये. पाय काठी बांधून स्थिर ठेवावा, रुग्णास चालवू नये आणि मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालयात न्यावे. भगताकडे जाणारा रस्ता पुष्कळदा रुग्णालयाच्या उलट दिशेस असतो, आणि मूत्रपिंडाचे भवितव्य त्या दोन-तीन तासांत ठरते. साप मारून बरोबर नेण्याचीही काही आवश्यकता नाही. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्र चालते. अहिंसेला आणि वैद्यकाला येथे एकच गोष्ट सांगावयाची आहे. ज्यांच्या मळ्यातून किंवा गोदामातून माल निघतो त्यांनी, रात्री-अपरात्री गाडी कोणाची आणि चालविणार कोण, एवढे पावसाळ्यापूर्वी ठरवून ठेवले तर आमच्या मते तो खर्च धर्मादायाच्या खाती न टाकता धंद्याच्याच खाती लिहावा.

रुग्णालयात होणारी पहिली परीक्षा इतकी साधी आहे की तिचे कौतुक वाटते. शिरेतील दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घेतात आणि नळी वीस मिनिटे न हलविता उभी ठेवतात. मग ती कलती करतात. रक्त गोठलेले असेल तर हलत नाही. पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाच्या द्रावणाने धुतलेली असली तर उत्तर चुकते. प्रतिविषाच्या सुरुवातीच्या आठ-दहा कुप्या लहान मुलालाही तितक्याच द्याव्या लागतात, कारण सापाने लहान मूल म्हणून विष कमी सोडलेले नसते! दर सहा तासांनी नळीची परीक्षा पुन्हा होते.

नळीतील रक्त गोठले की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि घरी जाण्याची घाई करतात. मजुराला रोजगार बुडत असतो, त्यामुळे त्यालाही जावेसे वाटते. परंतु फाटक्या पेशींचे चित्र पुष्कळदा याच सुमारास, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, स्पष्ट होऊ लागते. त्यावर प्रतिविषाच्या आणखी कुप्या ओतून लाभ होतो असे दिसून आलेले नाही. रक्तद्रव बदलण्याचा उपयोगही येथे सिद्ध झालेला नाही. आधार असतो तो वेळीच सुरू केलेल्या डायलिसिसचा. म्हणून दंशानंतरच्या आठवड्यात रुग्ण घरी असो वा रुग्णालयात, दिवसाकाठी त्याला लघवी किती झाली हे एका मापाच्या भांड्यात मोजून कागदावर लिहून ठेवावे, आणि आकडा उतरू लागला तर दुसरा दिवस उजाडण्याची वाट न पाहता त्याला डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी हलवावे.